कानाकडे कानाडोळा नको

गेल्या आठवड्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस होता, दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एक मध्यमवयीन बाई नंबर आल्यावर टेबलाजवळ आल्या आणि पिशवीतून एक लहानशी बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. बाटलीवरचे लेबल झिजून गेले होते. म्हणाल्या, "डॉक्टर, ह्याच्यासारखंच दुसरं लिहून द्या. शेजारच्या वहिनींनी दिलं होतं, संपलं. कानाची खाज काही जाईना."

मी म्हटले, "ताई, देतो. पण आधी कान पाहू द्या."

"कान काय बघायचाय? खाजतोय म्हटलं ना, आणि ठणकतोही."

मी ऑटोस्कोप, म्हणजे कान पाहण्याची दुर्बीण, हातात घेतली आणि पाहिले. आत पावसात भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा थर बसला होता आणि त्यावर काळे काळे ठिपके. ही बुरशी. पावसाळ्यात आपल्याकडे ती कानात सर्रास होते. शेजारणीने दिलेल्या थेंबांत स्टिरॉइड आणि जिवाणूंवरचे औषध असावे. असले थेंब आठवडेच्या आठवडे घातले, की बुरशीला उलट मोकळे रान मिळते. म्हणजे तीन आठवडे ही बाई रोज सकाळ-संध्याकाळ न चुकता आपल्या कानातल्या बुरशीला खतपाणी घालत होती. कान साफ केला, कोरडा ठेवायला सांगितले, बुरशीवरचे थेंब लिहून दिले. काम दहा मिनिटांचे. पण त्यातले पाहण्याचे काम अर्ध्या मिनिटाचे होते आणि त्या अर्ध्या मिनिटाशिवाय उरलेली साडेनऊ मिनिटे फुकट गेली असती.

आजच्या सदरात मला एवढेच सांगायचे आहे. कानात डोकावून पाहिल्याशिवाय कानात काहीही घालू नये. हे रुग्णांनी करू नये आणि आम्ही डॉक्टरांनीही करू नये. दुसरे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

न पाहता औषध

डोळा लाल झाला तर आपण आरशात पाहतो, घरच्यांना दाखवतो, डॉक्टर पापणी उलटवून बघतात. जखम झाली तर पट्टी सोडून बघतात. घसा दुखला तर "आ करा" म्हणतात. कान मात्र बिचारा असा अवयव आहे, की जो स्वतःला आरशातही दिसत नाही आणि दुसऱ्यालाही बाहेरून दिसत नाही. त्यामुळे कानाचा सगळा कारभार अंदाजाने चालतो. दुखला, घाला थेंब. वाहिला, घाला थेंब. दडा बसला, घाला थेंब. आणि थेंब आणायला डॉक्टर लागत नाही, मेडिकलच्या दुकानात "कानाचं काहीतरी द्या" म्हटले की पुरते. त्याच्याही आधी घरातले गोडेतेल असतेच, लसणीच्या पाकळ्या टाकून कढवलेले.

आता विचार करा. कान दुखण्याची किती कारणे आहेत? नळीत मळाचा खडा बसला असेल. नळीत फोड आला असेल. बुरशी असेल. पडद्यामागे पू साचून पडदा फुगला असेल. पडद्याला भोक असेल. पोराने चिंचोका घातला असेल. किंवा कानात काहीच नसेल, दुखणे दाढेचे किंवा घशाचे असेल आणि कळ कानात येत असेल. या साती दुखण्यांना औषध वेगवेगळे आहे. एकाला तेल चालेल, दुसऱ्याला तेच तेल घातक ठरेल. पडद्याला भोक असताना घातलेले तेल किंवा पाणी सरळ मधल्या कानात उतरते. काही जुन्या प्रकारच्या थेंबांतली औषधे, उदाहरणार्थ जेंटामायसिन किंवा निओमायसिन, पडद्याला भोक असेल तर आत झिरपून ऐकण्याच्या नसेपर्यंत इजा करू शकतात. मग पडदा शाबूत आहे की फाटला आहे, हे पाहिल्याशिवाय कोणते थेंब लिहायचे हे ठरवणार तरी कसे?

दुर्बीण म्हणजे काय?

ऑटोस्कोप हे काही अवघड यंत्र नाही. दांड्यात सेल, वर लहानसा दिवा, एक भिंग आणि कानात ठेवायला निमुळते नळकांडे. इतकेच. विजेचा दिवा नव्हता तेव्हाही डॉक्टर कान पाहत होतेच. १८४१ साली जर्मनीतल्या वेस्टफालिया भागात फ्रीडरिश होफमान नावाच्या डॉक्टरांनी मधोमध भोक पाडलेला आरसा वापरून उजेड कानात टाकण्याची आणि त्याच भोकातून पाहण्याची युक्ती मांडली. पुढे १८५५ च्या सुमारास आंटोन फॉन ट्रोल्च यांनी ती पद्धत सगळीकडे रूढ केली. हे होफमान कोणी नामांकित प्राध्यापक नव्हते. एका लहान गावात प्रॅक्टिस करणारे तुमच्या-आमच्यासारखेच साधे डॉक्टर होते. उन्हाचा कवडसा आरशावर घेऊन त्या काळच्या गावच्या डॉक्टरला जे जमत होते, ते आज सेलवरचा दिवा हाताशी असताना आम्हाला जमू नये, याला काय म्हणावे?

मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती सरळ नसते, थोडी नागमोडी असते. म्हणून नुसत्या टॉर्चच्या उजेडात आतले दिसत नाही. कानाची पाळी वर आणि मागे ओढली की नळी सरळ होते. तान्ह्या मुलात मात्र ती खाली आणि मागे ओढावी लागते. मग नळीच्या टोकाशी पडदा दिसतो. जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाचा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा पातळ. निरोगी पडदा मोत्यासारखा राखाडी, चकचकीत असतो. त्यावर हातोडीच्या आकाराच्या चिमुकल्या हाडाची दांडी दिसते आणि दिव्याच्या उजेडाची एक त्रिकोणी तिरीप चमकते. घड्याळाच्या तबकडीची कल्पना केली तर उजव्या कानात ती पाचच्या जागी आणि डाव्या कानात सातच्या जागी. ही तिरीप आपल्या जागी दिसली, की डॉक्टरच्या जिवाला बरे वाटते.

पडदा बिघडला की चित्र पालटते. मध्यकर्णात पू झाला की पडदा लालबुंद होऊन बाहेर फुगतो, हाडाची दांडी दिसेनाशी होते. नुसत्या लालीवर जाऊन मात्र चालत नाही. मूल रडले की पडदा तसाही लालसर होतो. खरी खूण फुगवट्याची. पडद्यामागे चिकट पाणी साचले असेल तर पडदा निस्तेज, पिवळसर, आत ओढलेला दिसतो. काही दुर्बिणींना रबरी फुगा जोडता येतो. तो हलकेच दाबला की निरोगी पडदा हलतो, मागे पाणी असेल तर हलत नाही. आणि सेल उतरले असतील तर चांगला पडदासुद्धा पिवळट दिसतो, म्हणून दुर्बिणीचा उजेड पांढरा स्वच्छ हवा. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल. माझ्या आयुष्यात ती क्षुल्लक ठरली नाही.

माझी चूक

वीस वर्षांहून अधिक काळ झाला. जवळच्या वाडीवरचे एक शेतकरी आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. कान वाहत होता. तोही बाजाराचाच दिवस होता. बाहेर पंचवीस-तीस माणसे बसलेली. माझा ऑटोस्कोप टेबलाच्या खणात होता, पण त्याचे सेल उतरलेले होते. "उद्या आणू" म्हणून महिनाभर राहिले होते. मी बाहेरून पाहिले, कापसाने पू टिपला, थेंब आणि गोळ्या लिहून दिल्या. आठ दिवसांत कान कोरडा झाला. बाप खूश, मीही खूश.

दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कान वाहिला. पुन्हा तेच औषध, पुन्हा कोरडा. वर्षभरात असे तीन वेळा झाले. तिसऱ्या वेळी बाप म्हणाला, "डॉक्टर, ह्याच्या कानाला वास मारतो हो. शाळेत पोरं शेजारी बसत नाहीत." वास मारणारा, थोडा थोडा, सतत येणारा पू ही धोक्याची घंटा आहे, हे मी एमबीबीएसला असताना पाठ केले होते. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. तरीही मी थेंब बदलून दिले. कान पाहिला नाही.

चौथ्या वेळी ते आले ते सकाळी सकाळी. मुलाचे तोंड एका बाजूला वाकडे झाले होते, डोळा मिटत नव्हता, अंगात ताप, कानामागे सूज. घरच्यांना वाटले वारे गेले. त्या दिवशी मी कंपाउंडरला पळवत नेऊन सेल आणवले आणि दुर्बीण लावली. पडद्याच्या वरच्या भागात भोक आणि त्यातून पांढऱ्या पापुद्र्यांचा पुंजका डोकावत होता. कातडीचे पापुद्रे चुकीच्या जागी वाढत जातात आणि आजूबाजूचे हाड खातात, तो हा आजार. आपल्याकडे लोक त्याला कानाचे हाड सडले असे म्हणतात. त्याच हाडातून चेहऱ्याची नस जाते आणि त्याच्या पलीकडे मेंदू असतो. त्याच गाडीने मी त्यांना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवले. ऑपरेशन झाले. मूल वाचले. चेहराही हळूहळू पुष्कळसा सुधारला. त्या कानाचे ऐकणे मात्र गेले ते गेलेच.

महिन्याभराने बाप पेढ्यांचा पुडा घेऊन दवाखान्यात आला. माझ्या पाया पडायला वाकला. म्हणाला, "तुम्ही वेळेवर पाठवलंत म्हणून पोरगं हाताला लागलं."

वेळेवर. हा शब्द तेव्हापासून माझ्या कानात आहे. मी त्याला खरे सांगितले नाही, की वर्षभर आधी अर्धा मिनिट खर्च केला असता तर कदाचित चेहरा वाकडा झालाच नसता आणि ऐकणेही राहिले असते. सांगायला हवे होते. आज ते कोठे असतात मला माहीत नाही. त्यांच्या हाती हा अंक पडला, तर त्यांनी हे वाचावे आणि मला क्षमा करावी. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर दुर्बीण उघडी असते आणि खणात सेलची जादा जोडी असते.

डॉक्टरमंडळींची कारणे

माझ्या व्यवसायबंधूंशी या विषयावर बोलणे झाले की चार कारणे हमखास ऐकू येतात. ती मीही पूर्वी सांगत होतो, म्हणून त्यांची उत्तरे मला ठाऊक आहेत.

पहिले कारण, वेळ नाही. दोन्ही कान पाहायला एक मिनिट लागते. न पाहता दिलेल्या औषधाने गुण आला नाही, की तोच रुग्ण आणखी दोनदा येतो. वेळ कोठे वाचला?

दुसरे कारण, हे कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाचे काम. ऑपरेशन हे तज्ज्ञाचे काम खरे. पण तज्ज्ञाकडे कोणाला पाठवायचे हे ठरवणे आमचे काम आहे, आणि ते पाहिल्याशिवाय होत नाही. आमच्यासारख्या गावातून तज्ज्ञाकडे जायचे म्हणजे एसटीचे भाडे, एक दिवसाची मजुरी आणि सोबत एक माणूस. सगळ्यांना पाठवणे जितके चुकीचे, तितकेच कोणालाही न पाठवणे.

तिसरे कारण, पोरे रडतात. रडतात हे खरे. पण मुलाला आईच्या मांडीवर आडवे बसवावे, आईने एका हाताने त्याचे डोके छातीशी धरावे, दुसऱ्या हाताने त्याचे हात धरावेत. डॉक्टरने दुर्बीण धरलेला हात मुलाच्या गालाला टेकवून ठेवावा, म्हणजे मूल हलले तर दुर्बीणही सोबत हलते, आत टोचत नाही. दुखरा कान नंतर पाहावा, चांगला आधी. आधी आईच्या किंवा बाहुलीच्या कानाला लावून दाखवली, तर निम्मी मुले आपणहून कान पुढे करतात. आणि हो, नळकांडे प्रत्येक रुग्णानंतर धुऊन स्पिरिटने पुसलेले हवे. एकाच्या कानातला पू दुसऱ्याच्या कानात नेणे हे काही वैद्यक नव्हे.

चौथे कारण, मळामुळे काही दिसत नाही. मग मळ काढून पाहावे. मळ काढता येत नसेल तर पुढे पाठवावे. "मळ होता म्हणून पडदा पाहिला नाही" हे वाक्य केसपेपरवर लिहायची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

राहता राहिली किंमत. बऱ्यापैकी ऑटोस्कोप काही हजारांत मिळतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. आपण दवाखान्यात टीव्ही लावतो, काचेची दारे बसवतो. त्यापुढे ही किंमत काहीच नाही. सरकारी पातळीवरही साधनांचा विचार झालेला आहे. २००७ च्या सुमारास देशात बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांना कान तपासण्याची साधने देण्याची तरतूद आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासतात, त्यांच्या यादीत कानाचे आजारही आहेत. साधन कपाटात बंद राहिले तर मात्र त्याचा उपयोग माझ्या खणातल्या दुर्बिणीइतकाच.

मठ्ठ की बहिरा?

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. वर्गात एखादे मूल हाक मारल्यावर बघत नाही, "काय? काय?" करते, शुद्धलेखनात शब्द गाळते, घरी टीव्हीचा आवाज मोठा करते. त्याला मठ्ठ म्हणण्यापूर्वी त्याचा कान पाहून घ्या. लहान मुलांत पडद्यामागे चिकट पाणी साचण्याचे प्रमाण पुष्कळ आहे. त्यात दुखत नाही, ताप येत नाही, कान वाहत नाही. फक्त कमी ऐकू येते. पुष्कळदा हे पाणी दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरते. तोवर मुलाला पहिल्या बाकावर बसवले तरी मोठे काम होते. ओसरले नाही तर तज्ज्ञाकडे उपाय आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अहवालाप्रमाणे मुलांमधील श्रवणदोषांपैकी जवळजवळ ६० टक्के दोष टाळता येण्यासारख्या कारणांनी होतात. म्हणजे दर दहा मुलांतली सहा. ती आपल्या वर्गातही असतील.

कान स्वच्छ आहे, मग दुखतो का?

दुर्बिणीत काही सापडले तरच तिचा उपयोग, असे नाही. काही न सापडणे हाही पुरावा आहे. मध्यंतरी एक पन्नाशीचे गृहस्थ दोन महिने कान दुखतो म्हणून थेंब घालत होते. मी पाहिले तर दोन्ही पडदे मोत्यासारखे. मग म्हटले, तोंड उघडा. तीस वर्षांची तंबाखूची सवय. जिभेच्या मागच्या कडेला न भरणारी जखम होती. त्याच आठवड्यात पुढची तपासणी झाली आणि उपचार सुरू झाले. जीभ आणि घसा यांच्या नसा कानाच्या नसांशी नाते ठेवून असतात, म्हणून दुखणे तेथले आणि कळ कानात. तंबाखू, मिश्री, गुटखा यांची सवय असलेल्या माणसाचा कान दुखतो आणि कान स्वच्छ दिसतो, तेव्हा घसा पाहिल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये.

तसेच एका रात्रीत एखादा कान अचानक बंद झाला आणि आत मळ नाही, पडदाही ठीक, तर ती गोष्ट नसेची असू शकते. अशा माणसाला त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे. पहिल्या काही दिवसांत उपचार मिळाले तर ऐकणे परत येण्याची आशा अधिक असते. "मळ असेल, जाईल" म्हणून तेल घालत पंधरवडा काढणे म्हणजे ती आशा घालवणे.

घरच्यांसाठी

आता घरगुती गोष्टी. कानातला मळ हा कचरा नव्हे, ते कानाचे नैसर्गिक संरक्षण आहे. कानाच्या नळीची कातडी आतून बाहेर सरकत असते आणि मळ आपोआप बाहेर आणून टाकते. ज्याचा कान निरोगी आहे, त्याने आत काहीही घालण्याची गरज नाही. काडी, पिन, किल्ली, कानकोरणे आणि कापसाच्या काड्या यांनी मळ निघतो त्याहून जास्त आत ढकलला जातो. जत्रेत, बसस्टँडवर कान साफ करून देणाऱ्यांपुढे कान धरू नये. त्यांच्या सळईला ना स्पिरिट माहीत, ना पडदा कोठे आहे ते. अलीकडे मोबाइलला जोडायचे, टोकाला कॅमेरा असलेले कानकोरणेही घरपोच मिळते. त्यात चित्र छान दिसते म्हणून माणूस धीट होतो आणि आरशासमोर आपल्याच पडद्यावर हल्ला करतो. पाहणे आणि समजणे यांत फरक आहे. त्या चित्राचा अर्थ डॉक्टरला विचारा, काडी आत घालू नका.

मळाचा खडा बसलाच, तर डॉक्टरने पाहून दिलेले मळ मऊ करणारे थेंब तीन-चार दिवस घालावेत आणि मग तो काढून घ्यावा. पिचकारीने कान धुताना पाणी अंगाच्या उष्णतेइतके कोमट लागते, गार पाण्याने गरगरते. पडद्याला भोक असेल किंवा पूर्वी कान वाहिला असेल तर कान धुऊ नये.

मुलाने कानात हरभरा, वाटाणा घातला तर पाणी घालू नका, दाणा फुगून घट्ट बसतो. घरी चिमट्याने ओढू नका, तो आत सरकतो. घड्याळातला किंवा खेळण्यातला चपटा गोल सेल कानात गेला असेल तर तेल-पाणी काही न घालता तडक दवाखाना गाठा. तो काही तासांत कातडी जाळतो. किडा शिरून फडफडत असेल, आणि तो कान पूर्वी कधी वाहिलेला नसेल, तर मात्र कोमट खोबरेल तेलाचे थेंब घालावेत. किडा मरतो, फडफड थांबते, मग डॉक्टरकडून काढून घ्यावा. कानात तेल घालण्याचा मला पटणारा घरगुती प्रसंग एवढाच.

तान्ह्या बाळाला आडवे झोपवून बाटलीने किंवा वाटी-चमच्याने दूध पाजू नये. नाक आणि कान जोडणारी नळी बाळात आखूड आणि आडवी असते, दूध आणि सर्दी तिच्यातून कानाकडे जातात. डोके उंच ठेवून पाजावे.

एक मागणी

शेवटी रुग्णांना सांगतो. डॉक्टरकडे कानाची तक्रार घेऊन गेलात आणि त्यांनी न पाहता चिठ्ठी लिहायला घेतली, तर नम्रपणे म्हणा, "डॉक्टर, जरा दुर्बिणीने कान पाहता का?" यात उद्धटपणा काही नाही. चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही. ज्याला येईल, त्याला कदाचित आपले सेल उतरल्याची आठवण होईल. आणि कान वारंवार वाहत असेल, पुवाला वास असेल, चक्कर येत असेल, तोंड वाकडे होत असेल, कानामागे सूज असेल, तर थेंबांवर एक दिवसही काढू नका.

आपल्या भाषेत दुर्लक्ष करण्याला कानाडोळा म्हणतात. त्यातला डोळा आपण कानापर्यंत नेला, तर पुष्कळ कान वाचतील. माझ्या चुकीने एका मुलाचा एक कान गेला. तो परत आणणे माझ्या हाती नाही. दुसऱ्या कोणाचा जाऊ नये, म्हणून आजचे हे सदर.